आधी चालवून पाहा

2007 साली असूस कंपनीचा ‘ई पीसी 701’ हा चिमुकला लॅपटॉप बाजारात आला. सात इंची पडदा, वजन किलोभराच्या आत, आणि सीडी घालायला कुठेही जागा नाही. पाठोपाठ एसरचा ‘अ‍ॅस्पायर वन’ आला. हे छोटे लॅपटॉप ‘नेटबुक’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या काळात घेतलेले नेटबुक आज अनेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहेत. नवं विंडोज त्यांना पेलवत नाही. पण म्हणून ते निकामी झालेले नसतात. विंडोजच्या जागी अँटीएक्ससारखं हलकं लिनक्स त्यांतल्या पुष्कळांवर आजही चालतं. तेही फुकट मिळतं. प्रश्न एवढाच, की सीडी ड्राइव्ह नसताना ते आत घालायचं कसं? उत्तर आपल्या खणातच असतं. एक पेनड्राइव्ह पुरतो.

इंटरनेटवरून लिनक्सची आयएसओ फाइल उतरवून घ्यायची. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रूफस किंवा एचरसारख्या छोट्या प्रोग्रॅमने ती लिहावी लागते. त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच पेनड्राइव्ह घ्यावा. मग तो लावून लॅपटॉप सुरू करायचा आणि सुरू होतानाच एस्केप, एफ 12 किंवा त्या त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबून ‘पेनड्राइव्हवरून चालू हो’ असं सांगायचं. थोड्या वेळाने नवीन पडदा समोर येतो. मला या सगळ्या खटाटोपात फार आवडते ती गोष्ट यानंतर घडते. लिनक्स चालू झालेलं असतं, पण आतल्या डिस्कला त्याने हात लावलेला नसतो. सगळं काम पेनड्राइव्ह आणि रॅम यांच्या बळावर चाललेलं असतं. जुने फोटो, जुनी पत्रं, जुनं विंडोज, सगळं जागच्या जागी असतं. आवडलं नाही तर बंद करा, पेनड्राइव्ह काढा, पुन्हा चालू करा. लॅपटॉप जसा होता तसाच सुरू होतो. ही सोय पूर्वी सीडीवर असे. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी 2000 साली काढलेल्या ‘क्नॉपिक्स’ने ती पुष्कळ लोकांपर्यंत पोचवली.

पडद्यावर ‘इन्स्टॉल’चं चिन्ह असतं, पण ते दाबायची घाई नसते. जाणती माणसं आधी एकेक गोष्ट तपासतात. वायफाय लागतं का? आवाज येतो का? टचपॅडवर बोट नीट फिरतं का? मराठी बातम्यांचं पान उघडलं तर जोडाक्षरं नीट दिसतात का? झाकण मिटून पुन्हा उघडलं तर लॅपटॉप जागा होतो का? या प्रश्नांची उत्तरं तिथल्या तिथे मिळतात. एक गोष्ट मात्र समजून घ्यावी लागते. पेनड्राइव्हवरून चालताना सगळं थोडं रेंगाळतं. हा संथपणा बहुतेक वेळा पेनड्राइव्हचा असतो. लिनक्स डिस्कवर बसलं की बराचसा कमी होतो. म्हणून या चाचणीत ‘किती भरभर चालतं’ हे विचारायचं नसतं. ‘आपल्याला जुळतं का’ एवढंच बघायचं असतं. जुळलं, की फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवायची, आणि मग निर्धास्तपणे ‘इन्स्टॉल’ दाबायचं.

रोजच्या जगण्यातले बदलही असे चालवून पाहता येतात. आपण मात्र पुष्कळदा दोनच टोकं धरतो. एक तर सगळं आजच्या आज बदलायचं ठरवतो, नाहीतर ‘आता या वयात कुठे’ म्हणून हातही लावत नाही. सकाळी अर्धा तास लवकर उठायचंय? आधी आठवडाभर उठून पाहा. जेवताना फोन दूर ठेवायचाय? आज एका जेवणापुरता ठेवा. ऑफिसमध्ये हिशेबाची नवी पद्धत आली आहे? जुनी वही हाताशी राहू द्या आणि एक दिवस दोन्हीकडे नोंद करा. परतीची वाट मोकळी असली की मन नव्या गोष्टीला आडवं जात नाही. पहिले काही दिवस जड जातील, हात अडखळेल. तेवढ्यावरून निकाल देऊ नका. ते अडखळणं नवखेपणाचं असतं, आणि नवखेपण वापराने जातं. विचारायचं एवढंच, की हे माझ्या घराला, माझ्या कामाला, माझ्या माणसांना जुळतंय का? जुळत नसेल तर सोडण्यात कमीपणा नाही. जुळत असेल तर चाचणीतच अडकून राहू नका, त्याला आपल्या दिवसात पक्की जागा द्या. मनात बरेच दिवस घोळणारे असे काही बदल तुमच्याकडेही असतील. आज कामाला लागण्याआधी त्यातला एक निवडा, आणि फक्त आजच्यापुरता चालवून पाहा.