चुकीची वजाबाकी

मागच्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी महिला मेळाव्याला गेले होते. मांडवात ‘लेक वाचवा’चा फलक, त्यावर पोटातल्या बाळाचं चित्र आणि खाली त्या बाळाच्या तोंडी घातलेली आईची विनवणी. मुख्य वक्ते भाषणाच्या भरात म्हणाले, “सरकारदरबारी वर्षाला गर्भपात नोंदले जातात सात लाख. खरे होतात दीड कोटी. मग मधले एक कोटी चाळीस-पन्नास लाख कुठे गेले? भगिनींनो, त्या आपल्या लेकी होत्या!” मांडव चिडीचूप झाला.

चहाच्या वेळी शेजारी बसलेली बाई माझ्याजवळ आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, “ताई, मी गोळ्या घेऊन मोकळी झाले होते. दीड महिना झाला होता फक्त. धाकटा अंगावर पीत होता हो. ती मुलगीच असेल का?”

मी तिला सांगितलं की दीड महिन्यावर ते कुणालाच कळत नाही, डॉक्टरला नाही आणि मशीनलाही नाही. तिला ते पटलं की नाही, सांगता येत नाही. तिच्या मनावर तो एक कोटीचा आकडा बसला होता आणि तो तिथे बसवणारा माणूस टाळ्या घेऊन निघून गेला होता.

वक्त्यांचे दोन्ही आकडे खरे आहेत, त्यांची वजाबाकी मात्र साफ चुकीची आहे. दीड कोटीचा आकडा आला तो देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि अमेरिकेतली गुटमाखर संस्था यांच्या अभ्यासातून. 2015 साली भारतात 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले, असा त्यांचा अंदाज आहे. त्यासाठी त्यांनी औषधविक्रीचे आकडे घेतले आणि सहा राज्यांतल्या दवाखान्यांची पाहणी केली. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. त्यांच्या हिशेबाने शंभरातले 81 गर्भपात गोळ्यांनी झाले, आणि 73 तर दवाखान्याबाहेर, घरच्या घरी गोळ्या घेऊन. सरकारी सात लाख म्हणजे फक्त दवाखान्यांनी कळवलेली नोंद, आणि खासगी दवाखाने पुरती नोंद कळवत नाहीत ही जुनी तक्रार आहे. मधली तफावत आहे ती या न कळवलेल्या नोंदींची, आणि सगळ्यात जास्त औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांची.

आता या गोळ्या कधी घेतात? नियमाने नऊ आठवड्यांपर्यंत, 2021 पूर्वी तर सातच आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे बाराव्या-तेराव्या आठवड्याआधी भरवशाने दिसत नाही. म्हणजे त्या दीड कोटींतल्या बहुतेक बायकांना पोटात काय आहे ते ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती.

आणि मुली म्हणून पाडलेले गर्भ किती? ‘लॅन्सेट’मध्ये 2011 साली आलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे की त्याआधीच्या दशकात देशभरात 31 ते 60 लाख. वर्षाला तीन ते सहा लाख. दोन्ही अभ्यासांची वर्षं वेगळी आहेत, म्हणून हिशेब ढोबळच धरायचा. पण ढोबळमानाने शंभरात दोन ते चार. तीन लाख हा आकडा काळीज हलवणारा आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्यात तर 807. यातलं काहीही मला कमी करून सांगायचं नाही. पण शंभरातल्या या दोन-चार जणींसाठी उरलेल्या शहाण्णव जणींना खुनी ठरवायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

हे एका दिवसात झालेलं नाही. ‘भ्रूणहत्या’ हा आपल्याकडे धर्मशास्त्रातून आलेला शब्द, महापातकांच्या यादीतला. एकोणिसाव्या शतकात तो विधवांच्या मानेवर बसला. जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ताराबाई शिंद्यांनी सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्यानंतर 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्यातली एक गोष्ट मात्र डोळ्याआड होते. फुल्यांनी ‘हत्या’ हा शब्द वापरला तो जन्मलेल्या बाळाबद्दल, आणि दोष दिला तो त्या बाईला तिथवर ढकलणाऱ्यांना. बाईला त्यांनी सांगितलं की गुपचूप येऊन बाळंत हो, मूल हवं तर घेऊन जा, हवं तर इथे ठेवून जा. हत्येचं पाप त्यांनी आईच्या ओटीत घातलं नाही.

पुढे र. धों. कर्व्यांनी 1921 पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवलं आणि त्यापायी हाल सोसले. कायदा मात्र 1860 च्या दंडसंहितेचाच राहिला. गर्भपात हा गुन्हा, आणि तो स्वतः करून घेणारी बाईसुद्धा गुन्हेगार. त्या काळातल्या वाटा कुणाला नवीन नाहीत. झाडपाल्याची मुळी, काडी, सुईण. त्यातून येणारा जंतुदोष आणि रक्तस्राव. 1964 मध्ये केंद्र सरकारने महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती ही मरणं थांबवण्यासाठी. समितीने गणित मांडलं की 73 जिवंत जन्मांमागे 25 गर्भपात, त्यातले 15 मुद्दाम केलेले. म्हणजे पन्नास कोटी लोकसंख्येत वर्षाला 39 लाख. पाहणी करून काढलेला हा आकडा नव्हता, पण तो पुढे तीस वर्षं फिरत राहिला. याच प्रमाणावरून 1994 मध्ये 67 लाखांचा अंदाज निघाला. आज कुणी 39 लाख आणि 1 कोटी 56 लाख शेजारी ठेवून ‘बघा, गर्भपात चौपट झाले’ असं सांगतं, तेव्हा माप बदललं आहे हे सांगत नाही.

1971 चा गर्भपात कायदा एप्रिल 1972 पासून लागू झाला. त्याने बायकांना मोकळं रान दिलं, असं म्हणणाऱ्यांनी त्याचं तिसरं कलम वाचावं. त्यात लिहिलं आहे की अमुक परिस्थितीत गर्भपात केला तर नोंदणीकृत डॉक्टर कुठल्याही गुन्ह्याचा दोषी ठरणार नाही. मोकळीक डॉक्टरला आहे. बाईला हक्क असल्याचं कायद्यात कुठे म्हटलेलं नाही. तिच्याबद्दलचं जुनं कलम आजही, दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, 88 व्या क्रमांकावर जसंच्या तसं बसलं आहे.

आता ज्या वळणाबद्दल सगळेच चुकतात तिकडे येते. सर्रास सांगितलं जातं की 1971 मध्ये गर्भपात मोकळा केला, मग लोक मुली पाडू लागले, म्हणून 1988 मध्ये महाराष्ट्राने आणि 1994 मध्ये केंद्राने गर्भपाताला आळा घातला. ऐकायला हे सरळ वाटतं, पण तसं घडलं नाही.

गर्भजलपरीक्षा 1970 च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीच्या एम्समध्ये गर्भातले दोष शोधायला आली आणि लवकरच मुलगी शोधायला वापरली गेली. दहा वर्षांत मुंबईत तिची दुकानं झाली. आज थोडा खर्च करा, पुढे हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या असत. त्याविरुद्ध 1980 च्या दशकाच्या मध्यात मुंबईत स्त्रीसंघटना, काही डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतली माणसं एकत्र आली. बंदी नेमकी कशावर मागायची, हा त्यांच्यापुढचा अवघड प्रश्न होता. गर्भपातावर मागितली असती तर लोकांच्या गळी उतरवणं सोपं गेलं असतं. पण मग बाया पुन्हा काडी आणि सुईणीकडे जाणार, हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी जाणूनबुजून बंदी मागितली ती तपासणीवर. 1988 चा महाराष्ट्राचा कायदा देशातला पहिला, आणि तो निदानतंत्राच्या वापरावरचा आहे. 1994 चा केंद्राचाही तसाच. त्या केंद्रीय कायद्यात उलट एक कलम आहे: बाईने तपासणी करून घेतली असेल तर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडलं, असं न्यायालयाने गृहीत धरावं. हे सगळं होताना 1971 च्या कायद्यातला एक शब्दही बदलला नाही. त्यात पहिली दुरुस्ती झाली 2002 मध्ये, आणि तीही सोय वाढवणारी.

घसरलो ते कायद्यात नाही, भाषेत. सभेत, पथनाट्यात, भिंतीवर ‘गर्भलिंगनिदान’ हा शब्द जड पडायचा. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ काळजाला भिडायचा. मीही त्या घोषणा दिल्या आहेत आणि त्या देताना मला काहीच खटकलं नव्हतं. पण ‘हत्या’ म्हटलं की मारणारा लागतो. चित्रात डॉक्टर नसतो, मशीन नसतं, सासू-नवरा नसतो. असते ती फक्त आई. दीडशे वर्षांपूर्वी फुल्यांनी तिच्या डोक्यावरून उतरवलेलं पाप आम्ही चांगल्या हेतूने परत तिच्या डोक्यावर ठेवलं. चळवळीतल्याच काही जणींनी पुढे ‘भ्रूणहत्या’ सोडा, ‘लिंगनिवड’ म्हणा, असं कळकळीने सांगितलं. तोवर भिंती रंगून झाल्या होत्या.

मग 2012 मध्ये परळीला बेकायदा लिंगनिवडीच्या गर्भपातांचं प्रकरण उघडकीला आलं, 2017 मध्ये म्हैसाळला. लोक संतापले आणि तो संताप रास्तच होता. पण धाडी पडल्या त्या गोळ्या ठेवणाऱ्या औषध दुकानांवरही. चौकशीचं झेंगट नको म्हणून दुकानदारांनी गोळ्या ठेवणं बंद केलं, डॉक्टर गर्भपाताला नाही म्हणू लागले. ज्या गोळ्यांचा लिंगनिवडीशी काळाच्या हिशेबाने संबंधच लागत नाही, त्या मिळेनाशा झाल्या. ज्यांच्याकडे गाडी आणि पैसा आहे त्यांनी हद्दीबाहेरचं सोनोग्राफी सेंटर गाठलं. अडली ती दोन-तीन लेकरांची आई, सहा-सात आठवड्यांची. तिला कुणी नवऱ्याची सही आणायला सांगतं, कुणी आधी ऑपरेशन करून घे म्हणतं. सज्ञान बाईच्या गर्भपाताला तिच्या स्वतःच्या संमतीखेरीज कुणाचीही सही कायद्याने लागत नाही. लग्न झालेलं असो वा नसो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. दवाखान्याच्या खिडकीवर मात्र ते अजून पोचलेलं नाही.

तुमच्या गावच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ‘गर्भपात हे पाप आहे’ असं लिहिलेलं दिसलं, तर वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटा आणि ते पुसायला सांगा. त्या जागी हे लिहायला सांगा: गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. गर्भपात कायद्याच्या चौकटीत करता येतो. त्यासाठी सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते.