उरलेले दिवस कोणाचे?

घरात मोठे दुखणे शिरले की 'किती दिवस?' हा प्रश्न सर्वांच्या ओठांवर येतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर तो फारच लवकर येतो. जठरामागे दडलेल्या या अवयवाचा रोग कावीळ, पाठीतली कळ किंवा घटते वजन यांतून उघडकीस येईपर्यंत बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. मग दिवस किती, यापेक्षा ते कसे जावेत हा प्रश्न मोठा ठरतो. पण त्याचे उत्तर द्यायचे कोणी?

आमच्या महालातल्या जुन्या वाड्यांत ते सारे गणगोत मिळून देते. रोगाचे नाव सांगायचे नाही, पथ्य मोडायचे नाही, अंथरूण सोडू द्यायचे नाही. यात माया आहेच. परंतु मायेला बोलण्याची सवय फार, ऐकण्याची थोडी.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना हाच रोग होता. ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्चला ते गेले. कोणी त्याला निष्ठा म्हटले, कोणी रोग्याला राबवणे. दोघांनीही आपापलीच फूटपट्टी लावली. एखाद्याला काम हाच श्वास वाटेल. दुसऱ्याला ओट्यावर बसून कल्याणेश्वराच्या देवळातली घंटा ऐकणे पुरेल. यांत थोर-क्षुद्र ठरवणारे आपण कोण?

मात्र 'तुमचे तुम्ही ठरवा' म्हणून मोकळे होणेही बरे नव्हे. वेदनेने पिळवटलेला माणूस निवड करीत नाही, फक्त सुटका मागतो. म्हणून आधी वेदना शमली पाहिजे. पित्तनलिकेत बसवलेल्या नळीने कावीळ उतरते, खाज थांबते. मॉर्फीनने कळ आवरते. १९८५ च्या कायद्याच्या धाकाने हे औषध रोग्यांना दुर्मीळ झाले होते. २०१४ साली तो कायदा सुधारला. मुंबईत १९८६ पासून चाललेल्या शांती आवेदना सदनासारख्या संस्थांनी अशी शुश्रूषा हेच व्रत मानले आहे.

आणि फराळ? स्वादुपिंडाचा पाचकरस आटला की तुपातले-तेलातले पचत नाही. पण तो रस पुरवणारी कॅप्सूल डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवताना घेतली, तर करंजीचे दोन घास अनेकांना झेपतात. तेव्हा यंदा घरातल्या आजारी माणसासमोरून ताट उचलण्याआधी त्याला एवढेच विचारावे, ''तुम्हांला काय हवे?'' आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.