असली कुगेलिस

पदार्थातून एक जिन्नस काढून टाकला तर तो पदार्थ तोच राहतो का, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला आहे. जरा खोल गेले की तो माणसांविषयीचा प्रश्न होतो. आमच्यापुढे तो कुगेलिसच्या निमित्ताने आला.

कुगेलिस हा लिथुआनिया या बाल्टिक समुद्राकाठच्या छोट्या देशातला घरोघरी होणारा पदार्थ. आमचा एक भाचा तिथल्या कौनस शहरात वैद्यकीचे शिक्षण घेतो. एका घरी पाहिलेली कृती त्याने आम्हांला फोनवर सांगितली. दीड किलो बटाटे आणि दोन कांदे बारीक किसायचे. त्यात तीन अंडी, कपभर उकळते दूध, मीठ आणि मिरपूड. मग डुकराच्या खारवलेल्या चरबीचे तुकडे कांद्याबरोबर परतून, सुटलेल्या चरबीसकट त्या किसात ओतायचे, आणि सपाट भांड्यात तासाभराहून अधिक भाजायचे. वर आंबट साय वाढायची. 'तुम्ही तेवढे एक सोडून करा,' असे तो म्हणाला.

त्या 'तेवढे एक'वरून पुढचा सारा विचार निघाला. शिक्षकांच्या खोलीत आम्ही ही गोष्ट काढली तेव्हा एक सहकारी म्हणाले, 'ज्याच्या मुळाशीच हराम आहे त्याचे नाव तरी आपल्या घरात कशाला?' तिकडे भाच्याला ज्या बाईंनी कृती दाखवली होती त्या म्हणाल्या होत्या, 'चरबी नाही तर तो कुगेलिस नव्हेच, नुसता भाजलेला बटाटा.' दोघे एकमेकांना कधी भेटणार नाहीत. भेटलेच तर एका दस्तरखानावर बसणे कठीण. पण दोघांचे एका बाबतीत एकमत आहे: या पदार्थाचा जीव डुकरात आहे. आम्हांला हे एकमत खटकले.

कारण प्रत्यक्ष करायला बसले की हाताला वेगळेच कळते. किसलेला बटाटा हवा लागताच काळा पडू लागतो. म्हणून कांदाही बटाट्याबरोबरच किसतात आणि दूध उकळते ओततात. गरम दुधाने तो काळवंडायचा थांबतो. कीस फार पाणीदार असेल तर थोडा पिळून घ्यावा, पण ते पाणी लगेच फेकू नये. पाच-सात मिनिटांनी तळाशी पांढरे सत्त्व बसते. वरचे पाणी टाकून ते सत्त्व पुन्हा किसात मिसळले की वडी चांगली धरते. ओव्हन आधीच चांगला तापलेला हवा. या पदार्थाचे खरे भांडण वेळेशी आहे. चरबीचे काम त्यात दुसरे: कडा खरपूस करणे, आतला गोळा कोरडा पडू न देणे. हे काम मोठे आहेच, नाही म्हणत नाही. पण ते डुकरानेच करावे असा बटाट्याचा हट्ट नाही.

आम्ही मुर्गीवाल्याकडून कोंबडीची चरबी मागून आणली. तो ती एरवी फेकतोच. मंद आचेवर ती वितळवली, तिच्यात कांदा लाल केला. पुढे कळले की ही युक्ती आमची नाहीच. लिथुआनियातले ज्यू, ज्यांना लिटवाक म्हणत, ते बटाट्याचा 'कुगेल' कोंबडीच्या किंवा हंसाच्या चरबीत करीत. डुक्कर त्यांनाही निषिद्ध. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळण्याआधीच भांडे तापल्या भट्टीत ठेवून देत. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना 'शनवार तेली' म्हटले गेले ते बेने इस्रायली त्यांच्या वाडवडिलांचे शेजारी होते.

आता तीन भांडी शेजारी मांडून पाहावीत. लिथुआनियन घरातल्या भांड्यात डुकराची चरबी आहे आणि दूध आहे. ज्यू घरातल्या भांड्यात पक्ष्याची चरबी आहे, पण दूध नाही, कारण मांसाबरोबर दूध त्यांना चालत नाही. आमच्या भांड्यात पक्ष्याची चरबी आणि दूध दोन्ही आहे. प्रत्येकाने आपली रेघ वेगळ्या जागी ओढली. बटाटा, कांदा, किसणी आणि भट्टी मात्र तिघांचीही एकच.

यातला असली कोणता? बटाटाच म्हणाल तर तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. सोळाव्या शतकात तो युरोपात आला आणि लिथुआनियाच्या शेतांत सर्रास दिसू लागला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणला, म्हणून मराठीत त्याचे नावही त्यांच्याच भाषेतले. 'कुगेलिस' हा शब्दही उसनाच. जर्मनमध्ये कुगेल म्हणजे गोळा, आणि तोच शब्द ज्यूंच्या यिद्दिशमध्ये या पदार्थाचे नाव झाला. वास्तविक पदार्थ गोल नाहीच, चपटा आहे. तिथल्या भाषाशुद्धीवाल्यांना हा परका शब्द खुपतो. ते 'बुल्व्यू प्लोक्श्ताइनिस' म्हणा म्हणतात, म्हणजे बटाट्याचा चपटा पदार्थ. वर्णन म्हणून हे नाव अधिक बिनचूक आहे, यात शंका नाही.

पण बिनचूक नावाने एक गोष्ट पुसली जाते. विल्नियस शहराला एके काळी 'लिथुआनियाचे जेरुसलेम' म्हणत. १९४१ मध्ये जर्मन फौजा आल्या आणि पुढच्या तीन वर्षांत लिथुआनियातल्या ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले. विल्नियसजवळच्या पानेरियाईच्या जंगलात हजारोंना गोळ्या घातल्या. मारणाऱ्यांत जर्मन होते, तसे स्थानिक लोकही होते. पदार्थ राहिला, शेजारच्या घरी तो वेगळ्या रीतीने करणारे हात राहिले नाहीत. पदार्थ कोणी कोणाकडून घेतला याचा वाद घालावा असे आम्हांला वाटत नाही. शेजारी असा हिशेब ठेवीत नाहीत. पण 'कुगेलिस' या उसन्या शब्दात त्या शेजाराची निदान एक खूण आहे. म्हणून आम्ही हाच शब्द वापरतो. नाव ही अमानत आहे, असे आम्ही मानतो.

याच देशात आणखी एक समाज आहे, आणि तो आपल्याला अधिक जवळचा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ग्रँड ड्यूक वितौतस याने तातार मुसलमान तिथे वसवले. विल्नियसजवळ एका गावाचे नावच 'चाळीस तातार' असे आहे, आणि तिथे लाकडी मशीद आहे. आमचा भाचा जुम्याला जातो ती कौनसची मशीद १९३० च्या दशकात बांधली गेली आणि सोव्हिएत काळात बंद होती. हे तातार आपली तुर्की बोली विसरले. बेलारुशी आणि पोलिश बोलू लागले, पण धर्माची पुस्तके लिहिताना त्यांनी त्या भाषा अरबी लिपीत लिहिल्या. त्या हस्तलिखितांना तिथे 'किताब'च म्हणतात. भाषा शेजाऱ्याची, लिपी आपली. दिवसभर फळ्यावर उजवीकडून डावीकडे आणि रात्री हा लेख डावीकडून उजवीकडे लिहिणाऱ्या आम्हांला ते लोक नात्यातले वाटले तर नवल नाही. 'तुम्ही आधी मराठी की आधी मुसलमान?' असे आम्हांला विचारले जाते तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात तोच हिशेब असतो: एक जिन्नस काढा आणि मग काय उरते ते दाखवा.

यावर एक रास्त आक्षेप आहे. काहीही बदलले तरी चालते म्हटले तर नावाला अर्थ काय उरला? उद्या कोणी रताळी उकडून त्यालाही कुगेलिस म्हणेल. आम्हांला वाटते, बदल किती केला यापेक्षा तो कशासाठी केला हे पाहावे. लिटवाक बाईने चरबी बदलली ती शेजारणीच्या घरातून वास येतो तसे काहीतरी आपल्याही मुलांच्या ताटात पडावे म्हणून. अमेरिकेत गेलेल्या लिथुआनियनांनी डब्यातले आटवलेले दूध आणि रव्यासारखे गव्हाचे भरड पीठ घातले ते घरची चव धरून ठेवण्यासाठी. हे बदल पदार्थाकडे जाणारे आहेत. याउलट मूळ कोणाचे ते झाकण्यासाठी किंवा खाणाऱ्याला फसवण्यासाठी केलेला बदल चिमूटभर असला तरी खोटाच. एखाद्या लिथुआनियन पाहुण्याला आमचा कुगेलिस न सांगता वाढणे आम्हांला गैर वाटेल. त्याला हक्काने चरबीचा धूर लागलेली चव अपेक्षित असणार. आणि भावाला डुकराचे तुकडे न सांगता वाढणे त्याहून कितीतरी गैर. सांगणे हा कृतीचाच भाग आहे.

आमच्या सहकाऱ्यांना सगळे सांगूनच डबा पुढे केला. आदल्या दिवशीचा कुगेलिस होता. शिळा झाला की त्याच्या वड्या तव्यावर थोड्या तुपात परतायच्या, दोन्ही बाजूंनी लाल होईपर्यंत, आणि आंबट सायीऐवजी टांगलेल्या दह्याचा चक्का घ्यायचा. त्यांनी एक वडी उचलली, दुसरी उचलली. नाव मात्र अजून घेत नाहीत, 'ते बटाट्याचे' म्हणतात.