माट्टु पोंगल: गोठ्यातला मान

मराठी घरांत संक्रांतीचा दुसरा दिवस किंक्रांत म्हणून शुभकार्याला वर्ज्य मानला जातो. त्याच दिवशी तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम या कावेरीच्या मुखाकडच्या जिल्ह्यांत गोठे सारवले जातात, गाईबैलांना तळ्यावर वा कालव्यावर नेऊन धुतले जाते, शिंगे रंगवली जातात, जुनी दावी आणि वेसणी काढून नवी घातली जातात. हा माट्टु पोंगल. भोगी, सूर्याचा पोंगल, जनावरांचा पोंगल आणि काणुम पोंगल अशा चार दिवसांच्या सणातला हा तिसरा दिवस. नव्या तांदळाचा गूळ घालून शिजवलेला पोंगल केळीच्या पानावर आधी जनावरांपुढे ठेवला जातो, हळदीचे पाणी शिंपडले जाते आणि ‘पोंगलो पोंगल’ असा पुकारा होतो. त्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत.

सणामागची लोककथा कबुलीची आहे. माणसांनी रोज तेल लावून स्नान करावे आणि महिन्यातून एकदा जेवावे, असा शिवाचा निरोप घेऊन नंदी पृथ्वीवर आला. तो गोंधळला आणि त्याने रोज जेवा, महिन्यातून एकदा स्नान करा, असे सांगितले. इतके अन्न पिकवायला माणसाला मदत लागणार, म्हणून शिवाने त्याला पृथ्वीवरच नांगराला जुंपले. बैलाचे कष्ट माणसाच्या भुकेपायी आहेत, हे ही कथा आडपडदा न ठेवता मान्य करते. माट्टु पोंगलचा विधी उपकार फेडण्याचा आहे. नंदीच्या बाजूने पाहिले तर या विधीला नुसता आशीर्वाद म्हणणे थोडे अपुरे ठरते.

मात्र देवळाच्या दारात जनावर हिशेबाच्या रूपानेही आले. पहिल्या राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर नंदादीपांसाठी दिलेल्या जनावरांच्या नोंदी कोरलेल्या आहेत. एका दिव्याला रोज एक उळक्कु तूप लागे आणि त्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी नेमल्या जात. ही जनावरे धनगर-गवळ्यांच्या हवाली होत. मेलेल्या वा म्हाताऱ्या जनावराची जागा पिल्लांनी भरून कळपाची संख्या कायम राखायची, ही जबाबदारी त्यांची. अशा मेंढ्यांना चोळकालीन लेख ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण त्यात एकेक मेंढी दिसत नाही, दिसतो तो फक्त आकडा.

त्याच मुलखातल्या शैव कथांनी मात्र त्या आकड्यातून एक एक जीव वेगळा काढला. बाराव्या शतकात सेक्किळार यांनी रचलेल्या ‘पेरियपुराणम’मध्ये तिरुवारूरच्या मनुनीती चोळाची कथा आहे. राजपुत्राच्या रथाखाली वासरू चिरडले, गाईने राजवाड्याची घंटा वाजवली आणि राजाने स्वतःच्या मुलालाही तीच शिक्षा दिली. तिरुवारूरला या कथेचा दगडी रथ आजही दाखवतात. तिरुवावडुदुरैच्या नावातला ‘आ’ म्हणजे गाय. तिथे मूलन नावाचा गुराखी मेला तेव्हा गाई त्याच्या देहाभोवती उभ्या राहून रडत होत्या. ते दुःख न बघवून एका योग्याने त्या देहात प्रवेश केला आणि तो तिरुमूलर हा शैव संत म्हणून ओळखला गेला. सेय्ङ्ञलूरच्या विचारशर्मा या मुलाने गुराखी गाईला मारतो हे पाहून राखणीचे काम स्वतःकडे घेतले. तोच पुढे चंडेश्वर झाला आणि आज प्रत्येक तमिळ शिवमंदिरात त्याला स्थान आहे. या तिन्ही कथांत मिळून जनावराला न्याय मागता येतो, शोक करता येतो आणि इजा झाल्याचे कोणाला तरी कळते. सणाच्या विधीतला मानही याच भावनेशी जुळतो.

मराठ्यांचे राज्य तंजावरात १६७६ च्या सुमारास आले आणि १८५५ पर्यंत टिकले. ज्या महाराष्ट्रातून ते आले तिथला बैलांचा सण, पोळा, श्रावणी अमावास्येला येतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते, मग झूल, बाशिंग, बेगड आणि पुरणपोळी. तंजावरचा सण सांबा भाताच्या कापणीला जोडलेला आहे, पोळा पेरणी-कोळपणीच्या कष्टांनंतरच्या उसंतीला. वेळ वेगळी असली तरी दोन्हीकडे सुट्टी हाच मानाचा गाभा आहे. मराठी दरबाराने त्यात आणखी एक धागा जोडला, तो उपचाराचा. दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्या औषधांवरही काम झाले आणि सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती-घोड्यांवरची सचित्र हस्तलिखिते जपली गेली. सरफोजींनी मुक्तांबाळ या आपल्या प्रियेच्या नावाने जिथे छत्र (धर्मशाळा) बांधले त्या ओरत्तनाडूत २०१२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ओवाळणे आणि औषध देणे यांत फार अंतर नाही, हे त्या दरबाराला कळले होते असे म्हणायला हरकत नाही.

देवळातही हा मान आकड्यापलीकडे गेला. बृहदीश्वरासमोरचा एकसंध दगडी नंदी मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळातला आहे. माट्टु पोंगलला त्याला एक-दोन टन भाज्या, फळे आणि मिठाईने मढवतात आणि त्याच्यापुढे १०८ गाई-वासरांची पूजा होते. जिथे गाई दिव्याच्या तुपासाठी मोजल्या जात, तिथेच आता त्यांना हार घातले जातात. कुंभकोणमला आदिकुंभेश्वराच्या देवळात मंगलम हत्तीण सोंड ठेवून भक्तांनाच आशीर्वाद देते. इथे देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झालेली दिसते.

या प्रदेशाची स्वतःची गुरे म्हणजे उंबळाचेरी. चिखलातल्या भातशेतीत टिकणारी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, जन्मतः तांबूस आणि पुढे करडी होणारी ही जात नागपट्टिणमजवळच्या गावाच्या नावाने ओळखली जाते. तिच्या बैलांची शिंगे काढून टाकण्याची चाल आहे, म्हणून त्यांना ‘मोट्टै माडु’, बोडका बैल, म्हणतात. शिंगे रंगवण्याच्या सणात असा बैल हळद-कुंकू आणि हारांवरच शोभतो. गळ्यातली माळ अनेकदा नेट्टीची, म्हणजे पाणवनस्पतीच्या पांढऱ्या हलक्या गाभ्याची असते. तंजावरच्या नेट्टीकामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

ट्रॅक्टर आला आणि नांगराचा बैल कमी झाला. सण मात्र थांबला नाही. ट्रॅक्टरलाही गंध-कुंकू आणि माळ मिळाली. दुभती गाय आणि शेळी तर होतीच, कित्येक घरांत कुत्र्यालाही न्हाऊ घालून हार घालतात. कुत्रा या परंपरेत परका नाही. तो भैरवाचे वाहन आहे आणि शिवमंदिरांत भैरवाची मूर्ती असतेच.

कुत्र्यापर्यंत पोचलेला हाच विस्तार जपानमध्ये दुसऱ्या वाटेने झाला. तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांसाठी शिंतो देवळांत १५ नोव्हेंबरच्या सुमारास शिचि-गो-सान हा आशीर्वादविधी होतो. तोक्योच्या इचिगाया कामेगाओका हाचिमान देवळासारख्या काही ठिकाणी आता कुत्र्या-मांजरांसाठीही तो केला जातो. तिथे प्राण्याला लेकराची जागा मिळाली. तंजावरच्या गावात त्याला कष्टात साथ देणाऱ्या सोबत्याची जागा आधीपासून होती, आणि काम न करणारा कुत्रा त्याच रांगेत शेवटी येऊन बसला. म्हणूनच तंजावरला त्याच्यासाठी वेगळा विधी रचावा लागला नाही. गोठ्यातले पान वाढून झाले की उरलेल्या पोंगलमधला एक घास त्याच्यापुढे ठेवला जातो.