खालच्या गावाचा हक्क

अंबड तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून सुमारे १,४६५ किलोमीटर चालल्यावर ती आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. शहागडाजवळचा शेतकरी आणि नदीच्या मुखाशी जाळे टाकणारा कोळी, यांची गाठ कधी पडावयाची नाही. तर मग त्या कोळ्याविषयी आपले काही कर्तव्य आहे काय, हा प्रश्न विचारी वाचकाने आपल्या मनास करावा.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. पिकाने न घेतलेले पुष्कळ नत्र पाण्यात विरघळून विहिरीत व ओढ्यात उतरते. स्फुरद मातीस चिकटून राहते, व माती वाहून गेली म्हणजे तिजबरोबर जाते. गावांचे व शहरांचे सांडपाणीही त्यात मिळते. हे सर्व धरणात किंवा खाडीत साचले म्हणजे शेवाळ माजते; ते मरून कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू सरतो आणि मासे गुदमरतात. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखापुढे दर उन्हाळ्यात असा निर्जीव पट्टा पडतो, आणि त्याचे मूळ बहुतांशी दूर आत असलेल्या शेतांत आहे.

यावर कोणी म्हणेल, "माझ्या एका गोणीने समुद्राचे काय बिघडणार?" एका गोणीने काही बिघडत नाही, हे खरे. परंतु प्रत्येकजण असेच म्हणतो, म्हणूनच बिघडते. शिवाय समुद्र दूर असला तरी विष्णुपुरीचे पाणी पिणारे नांदेडकर दूर नाहीत.

आता दुसरी बाजू पाहा. नाशिक व अहिल्यानगरकडील धरणे भरतात आणि पैठणचे जायकवाडी रिकामे राहते, तेव्हा आपण काय म्हणतो? नदीवर खालच्यांचाही हक्क आहे, असे म्हणतो; आणि २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्यही केले आहे. मग जो न्याय आपण वरच्यांपाशी मागतो, तोच खालच्यांस देणे आपणांस प्राप्त आहे. पाणी मागताना खालचे गाव व्हावे आणि घाण सोडताना वरचे, ही सचोटी नव्हे.

तथापि सर्व दोष गरीब शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्याच्या हाती सत्ता व पैसा अधिक, त्याचा भार अधिक. नगरांनी आपले सांडपाणी शुद्ध केलेच पाहिजे. पिकास उपाशी ठेवा, असेही कोणी सांगत नाही. मातीची परीक्षा करून खत द्यावे, ते एकदम न देता हप्त्यांनी द्यावे, बांध धड ठेवावे, उकिरडा ओढ्याच्या काठी घालू नये, एवढेच मागणे आहे. यात आपलाही पैसा वाचतो. परंतु तो न वाचता तरी हे कर्तव्य टळले नसते. कारण जो आपणांस दिसत नाही, त्याचे नुकसान झाले नाही असे होत नाही.