वरठीहून परतताना घेतलेल्या पाट्या

डिसेंबर लागला की भंडाऱ्याच्या शिवारात धान चुरण्याची लगबग असते. त्याच दिवसांत वैनगंगेकाठच्या एका वस्तीतल्या पोरांनी ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनासाठी फ्लेक्स छापून आणला. वर बाबासाहेब, खाली अभिवादन करणाऱ्या अकरा जणांचे फोटो. नातवाने तो मोठ्या हौसेने आजीपुढे उलगडला.

आजी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मरन कोनाचं हाय, बाबू?"

पोरगा खाली बघू लागला. तिने त्याला जवळ बसवलं.

१९५६ साली ती आठ वर्षांची होती. दोन वर्षांआधी बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, त्याचा सल वस्तीत होताच. १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा घेऊन आलेल्यांचे पांढरे कपडे अजून नवेच होते. तेवढ्यात दिल्लीहून बाबासाहेब गेल्याची बातमी आली. त्या दिवशी वस्तीत चूल पेटली नाही. चुरणं थांबलं, बायका खळ्यावरच बसून रडल्या.

कोणी तरी मुंबईला जाऊन शेवटचं तोंड पाहून यावं, असं ठरलं. कोणी आणा दिला, कोणी दोन आणे. एका बाईने लेकीच्या पायातले चांदीचे वाळे काढून दिले. ते सारं पदरी बांधून आजीचा बाप चालत वरठीच्या स्टेशनावर गेला. गाडी मिळाली नाही. रात्र फलाटावर गेली. कळलं ते असं, की ७ तारखेलाच दादर चौपाटीवर अग्नी दिला गेला.

सकाळी पेपर आला. त्याने तो हातात घेतला. बाबासाहेबांचा फोटो ओळखला, पण खालचं एक अक्षर वाचता येईना. एका परक्या माणसाला विनवून त्याने वाचून घेतलं. चितेपाशी भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना धम्मदीक्षा दिली होती. बापाने ते दोनदा वाचायला लावलं. दुःखाने उभी राहिलेली एवढी माणसं त्या घडीला शपथ घेत होती, हे त्याच्या मनातून जाईना.

परतताना त्याने भंडाऱ्याच्या बाजारातून भाड्याच्या पैशांच्या पाट्या घेतल्या.

वस्ती खवळली. "दर्शनाचे पैसे होते ते!"

"दर्शन नाही झालं," बाप म्हणाला. "पेपर हाती होता, पन मले वाचता नाही आला."

महिनाभर त्याच्याशी कोणी धड बोललं नाही. लोकांचा राग खोटा नव्हता. पोटाला चिमटा घेऊन दिलेले पैसे होते ते. सगळ्यांत आधी दारात आली ती वाळे देणारी बाई. तिने लेकीचा हात धरून आणला होता.

"इले एक पाटी दे," एवढंच ती म्हणाली.

यंदा ६ डिसेंबरच्या संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. फ्लेक्स मधोमध कापलेला होता. बाबासाहेबांचा वरचा भाग भिंतीवर होता. अकरा चेहऱ्यांचा खालचा भाग पालथा अंथरला होता, आणि त्यावर पोरंपोरी नव्या वह्या मांडीवर घेऊन बसली होती. वर्गणीतले उरलेले पैसे त्या वह्यांत गेले होते.

आजी उशिरा आली. पदराखाली कोपरा तुटलेली पाटी होती. नातू सरकला आणि त्याने तिला बसायला जागा करून दिली.