मैदानाची वाटणी : फातोर्डा आणि बहुक्रीडा स्टेडियमची कल्पना

एखादे शहर विस्तारले किंवा एखाद्या प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळाला की सार्वजनिक स्टेडियमची मागणी ओघानेच पुढे येते, आणि एकाच खेळासाठी सरकारी तिजोरीतून एवढा पैसा खर्च करणे सहसा पटवून देता येत नसल्यामुळे ते स्टेडियम 'बहुउद्देशीय' असेल, असे आश्वासन त्या मागणीला जोडले जाते. एकाच मैदानावर अनेक खेळ, एकाच प्रेक्षागृहात सर्व प्रकारचे प्रेक्षक आणि एकाच खर्चात सर्वांची सोय, असा हा हिशेब कागदावर निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात मात्र जागा, माती आणि दिवस या तीनही गोष्टींची वाटणी करावी लागते. ही वाटणी कोणी, कोणत्या निकषांवर करायची हे बांधकामापूर्वी ठरले नाही, तर पुढे ती बलवान संघटना, मोठ्या स्पर्धा आणि पाऊस परस्पर ठरवून टाकतात. मडगावच्या फातोर्डा भागातील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

गोव्याला ३० मे १९८७ रोजी घटक राज्याचा दर्जा मिळाला आणि त्यानंतर दोन वर्षांतच, १९८९ मध्ये, हे स्टेडियम उभे राहिले. ते वर्ष नेहरूंच्या जन्मशताब्दीचे होते. त्या निमित्ताने भारतात सहा देशांच्या क्रिकेट संघांची नेहरू चषक स्पर्धा भरली आणि तिच्यातील ऑस्ट्रेलिया विरुद्ध श्रीलंका हा सामना २५ ऑक्टोबर १९८९ रोजी फातोर्ड्याला खेळला गेला. नव्या राज्याच्या नव्या स्टेडियमची जगाला ओळख झाली ती अशी क्रिकेटच्या निमित्ताने. त्या वेळच्या गोव्याची क्रीडापरंपरा ध्यानात घेतली, तर ही गोष्ट थोडी विपरीत वाटते, कारण या भूमीचा जिव्हाळ्याचा खेळ क्रिकेट नव्हता.

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ मध्ये शिवोलीला आलेल्या विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंमार्फत, असे मानले जाते. पुढे चर्चच्या शाळांनी आणि पोर्तुगीज अमलातील सामाजिक जीवनाने तो रुजवला, आणि भातकापणी झाल्यावर मोकळ्या पडणाऱ्या शेतांनी त्याला फुकटची मैदाने पुरवली. गोवा फुटबॉल संघटनेची स्थापना १९५९ ची, म्हणजे मुक्तीच्याही आधीची आहे. खाणउद्योगातील धेंपो आणि साळगावकर या घराण्यांच्या नावांचे क्लब उभे राहिले; त्यांच्या जोडीला वास्को, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग हे क्लब होते. २००६-०७ ते २०१२-१३ या सलग सात हंगामांत भारतातील सर्वोच्च साखळी स्पर्धेचे विजेतेपद कोणत्या ना कोणत्या गोमंतकीय क्लबकडेच राहिले : धेंपोकडे चार वेळा, चर्चिल ब्रदर्सकडे दोन वेळा आणि साळगावकरकडे एकदा. इतक्या लहान राज्याने एखाद्या खेळावर असे वर्चस्व गाजवल्याचे उदाहरण भारतात क्वचितच सापडेल. तरीही या काळात फातोर्ड्याचे मैदान फुटबॉलला निर्वेधपणे मिळाले नाही, कारण त्याच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी होती.

दोन खेळांतील हा पेच भावनेचा नसून भूमितीचा आणि मातीचा आहे. आंतरराष्ट्रीय फुटबॉलचे मैदान साधारणतः १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ७,१०० चौरस मीटरांचे असते. क्रिकेटची सीमारेषा मध्यापासून ६५ मीटरांवर धरली तरी त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ १३,००० चौरस मीटरांच्या पुढे जाते. त्यामुळे क्रिकेटच्या मापाने बांधलेल्या प्रेक्षागृहातून फुटबॉल पाहणाऱ्याला खेळ दूर पडतो, आणि फुटबॉलच्या मापाने बांधलेल्या प्रेक्षागृहात क्रिकेटचे मैदान मावत नाही. मातीचा प्रश्न याहून अवघड आहे. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब असते आणि अशा अनेक खेळपट्ट्या शेजारी शेजारी आखून मैदानाच्या मध्यभागी एक चौकोन तयार केला जातो. तेथील चिकणमाती पाणी देऊन आणि रोलर फिरवून टणक करावी लागते व तिच्यावरचे गवत जवळजवळ मातीलगत कापावे लागते. फुटबॉलच्या मैदानाला याच्या नेमके उलट हवे असते. तेथे वाळूमिश्रित, पाण्याचा झटपट निचरा होणारी मऊ भूमी लागते आणि गवत सर्वत्र सारखे, अडीच-तीन सेंटीमीटर उंचीचे असावे लागते. दुर्दैव असे, की फुटबॉलच्या मैदानातील ९.१५ मीटर त्रिज्येचे मध्यवर्तुळ क्रिकेटच्या त्या टणक चौकोनावरच येते. ज्या जागेवर गोलंदाजाचा चेंडू उसळावा म्हणून महिनोन्‌महिने रोलर फिरवलेला असतो, त्याच जागेवर घसरून चेंडू हिरावणाऱ्या फुटबॉलपटूचे गुडघे सोलवटतात. आणि बुटांच्या खिळ्यांनी उखडलेल्या त्याच मातीवर पुढे फलंदाजाला उभे राहावे लागते.

माती कशीबशी वाटून घेतली, तरी दिवसांची वाटणी शिल्लक राहते. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवताना पाणी मुबलक असताना कोणी भांडत नाही, उन्हाळा आला की भांडण उभे राहते. मैदानाचेही तसेच आहे. गोव्यात जून ते सप्टेंबर पाऊस असतो आणि त्यानंतरच्या कोरड्या महिन्यांवर फुटबॉल व क्रिकेट हे दोन्ही खेळ हक्क सांगतात. त्यातही दोघांचे पावसाशी नाते सारखे नाही : फुटबॉल भिजत खेळता येतो, क्रिकेटला मात्र ओलसर मैदानही चालत नाही. २४ ऑक्टोबर २०१० रोजी फातोर्ड्याला ठरलेला भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया हा एकदिवसीय सामना पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द करावा लागला, आणि त्यानंतर या स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय क्रिकेट झालेले नाही. पुढच्या नूतनीकरणानंतर फुटबॉल हीच या स्टेडियमची मुख्य ओळख बनली.

हा निवाडा फातोर्ड्यापुरता नव्हता. कोचीचे नेहरू स्टेडियमही दोन्ही खेळांसाठी वापरले जात असे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकासाठी तेथे नवी हिरवळ तयार झाली होती. २०१८ मध्ये भारत विरुद्ध वेस्ट इंडीज या एकदिवसीय सामन्यासाठी ती उकरावी लागेल असे दिसताच फुटबॉलपटूंनी विरोध केला, सचिन तेंडुलकरनेही त्या विरोधाला पाठिंबा दिला आणि सामना तिरुवनंतपुरमला हलवला गेला. याउलट नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमने फुटबॉलच्या त्याच विश्वचषकाचे सामने घेतले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामनाही घेतला. बहुक्रीडा स्टेडियम अशक्य आहे असे म्हणता येत नाही, ते यावरून. मात्र एका खेळाकडून दुसऱ्या खेळाकडे मैदान वळवायला गवत, यंत्रे, कुशल माळी आणि मुख्य म्हणजे मधले मोकळे आठवडे लागतात, आणि खासगी व्यवस्थापनाला परवडणारी ही चैन सार्वजनिक मैदानाच्या भरगच्च वेळापत्रकात बसेलच असे नाही.

दुसरा पर्याय एका मैदानाऐवजी क्रीडासंकुलाचा, म्हणजे एकाच आवारात प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र जागा उभारण्याचा आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेच्या निमित्ताने पुण्याजवळ बालेवाडीला उभारलेले शिवछत्रपती क्रीडासंकुल हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. गोव्याने वेगळी वाट धरली आणि खेळ गावोगावी वाटून दिले : ॲथलेटिक्सला बांबोळीचे स्टेडियम मिळाले आणि फातोर्डा धावपट्टीपासून मुक्त राहिले. हा लाभ लहान नाही. चारशे मीटरची आठ पदरी धावपट्टी भोवती आखली, की गोलमागचा प्रेक्षक गोलरेषेपासून निदान छत्तीस मीटर मागे ढकलला जातो आणि खेळाडूला गर्दीचा दाब जाणवेनासा होतो.

खेळ ठरल्यावर फातोर्ड्याचे भाग्य उजळले, हे मान्य केले पाहिजे. २०१५ मध्ये इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना येथेच झाला आणि एफसी गोवाला चेन्नईयिनकडून २-३ अशी हार पत्करावी लागली. २०१७ च्या विश्वचषकात इराणने जर्मनीला ४-० असे नमवले ते याच मैदानावर. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला, तेव्हा त्या गटाचे सामनेही येथेच झाले. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेचे उद्‌घाटन येथे झाले, आणि त्या स्पर्धेत पदकतालिकेत पहिले स्थान महाराष्ट्राने पटकावले.

पण याच काळात एक उणी बाजूही वाढत गेली. देशाच्या सर्वोच्च साखळीवर सात वर्षे राज्य करणाऱ्या गोमंतकीय क्लबांपैकी धेंपो आणि साळगावकर यांनी, तसेच स्पोर्टिंगने, २०१६ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या सर्वोच्च साखळीतून माघार घेतली, कारण नव्या रचनेत सर्वोच्च स्थान इंडियन सुपर लीगला मिळणार होते. मैदानाचा दर्जा वाढत असताना त्या मैदानाला अर्थ देणारे क्लब मागे पडले. म्हणजे खेळ एकच उरला, तरी वाटणीचा प्रश्न संपला नाही. पूर्वी तो दोन खेळांमध्ये होता, आता तो एकाच खेळाच्या दोन थरांमध्ये, प्रक्षेपणासाठी सजणारा व्यावसायिक सामना आणि गावच्या क्लबचा सामना यांच्यामध्ये आला. निगा राखलेली हिरवळ जितकी महाग, तितकी तिच्यावर स्थानिक मुलांना उतरू देण्याची व्यवस्थापनाची तयारी कमी, हा अनुभव फातोर्ड्याचाच नव्हे, सर्वत्रचा आहे.

म्हणून सार्वजनिक स्टेडियमचे मूल्यमापन आसनसंख्येवरून, छतावरून किंवा तेथे किती प्रकारचे खेळ होतात यावरून करणे अपुरे ठरते. स्टेडियमची दुर्मीळ संपत्ती म्हणजे वापरता येण्याजोगे दिवस. हवामान, मातीची विश्रांती आणि देखभाल वजा करून वर्षाचे किती दिवस हाती राहतात आणि त्यांपैकी किती दिवस शाळा, गावचे क्लब व स्थानिक स्पर्धा यांच्यासाठी लेखी नियमाने राखून ठेवले आहेत, हे दोन आकडे आराखड्याबरोबरच जाहीर व्हायला हवेत. तालुक्यातालुक्यांत क्रीडासंकुले बांधू पाहणाऱ्या महाराष्ट्रालाही हाच निकष लागू पडतो : दिवसांचा तक्ता तयार नसेल, तर 'बहुउद्देशीय' हा शब्द निविदेत लिहिण्याचा अधिकार कोणालाही नसावा.